अर्ध्या डोक्याचा रकाना

गेला महिनाभर ऑफिसात माझ्या गळ्यात एक भयंकर रटाळ काम पडलंय. अमेरिकेतल्या एका क्लाएंटचे विम्याचे जुने क्लेम नव्या सिस्टीममध्ये न्यायचे. जुने म्हणजे २०१५ च्या आधीचे. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ ला आजारांचे कोड बदलले, आयसीडी-९ गेलं आणि आयसीडी-१० आलं. (तेव्हा मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षात गणिताशी झटापट करत होतो. पुढे आपल्याला त्या कोडांची धुणी धुवावी लागणार आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं!) आयसीडी म्हणजे इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस, आजारांची जागतिक यादी. प्रत्येक आजाराला एक कोड. माझं काम काय, तर जुना कोड घ्यायचा, तक्त्यात बघायचं, नवा कोड लिहायचा. ७८४.० म्हणजे 'डोकेदुखी', त्याचं करायचं आर ५१.९, म्हणजे परत 'डोकेदुखी'च, पण नव्या कपड्यात.

तर अशा ढीगभर ओळी सरकवत असताना तक्त्यात खाली एक ओळ दिसली आणि मी थांबलो. जी ४४.५१, हेमिक्रेनिया कंटिन्युआ.

हे नाव मला ठाऊक होतं. कामामुळे नाही, मावशीमुळे.

माझ्या मावशीचं डोकं सात वर्षं दुखत होतं. उजवी बाजू, कायम उजवीच. घरात सगळ्यांनी त्याला 'अर्धशिशी' म्हणून टाकलं होतं. सुंठेचा लेप झाला, नाकात तुपाचे थेंब झाले, चष्म्याचा नंबर तपासून झाला. एका डॉक्टरांनी सायनस सांगितला, दुसऱ्यांनी मायग्रेन. एका दंतवैद्यांनी उजवीकडच्या दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, डोकं तसंच. शेवटी शेवटी तर 'टेन्शन घेऊ नका' हे औषध सगळ्यांकडून फुकट मिळायला लागलं. मीही दिलंय, खोटं कशाला बोलू.

अडीच वर्षांपूर्वी मी तिला एका न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेलो. माझी अपेक्षा होती की डॉक्टर विचारणार, "कधी दुखतं?" त्यांनी उलटं विचारलं. "मावशी, डोकं अजिबात दुखत नाही असा एखादा तास आठवतो का हो?"

मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही हो डॉक्टर. मधूनमधून खूप वाढतं ते मी सांगते सगळ्यांना. बारीक तर चालूच असतं, त्याचं काय सांगायचं!"

मग पुढचे प्रश्न. बाजू कधी बदलते का? नाही. दुखणं वाढलं की त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी येतं का? येतं. नाक चोंदतं? चोंदतं, तेही उजवंच. त्या वेळी पडून राहावंसं वाटतं की येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात? येरझाऱ्या. सात वर्षांत हे चार प्रश्न एका बैठकीत कुणीच विचारले नव्हते. मेंदूत दुसरं काही नाही ना, याची एमआरआय करून खात्री झाली आणि मग डॉक्टरांनी एक जुनं, स्वस्त, सांधेदुखीचं औषध लिहून दिलं: इंडोमेथासिन. सोबत पोट सांभाळायची गोळी. डोस हळूहळू वाढवायचा. वाढवल्यावर तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अरे, डोकं कुठे आहे तेच कळत नाहीये रे!"

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय. इतकं साधं औषध असताना सात वर्षं का लागली? चूक एका डॉक्टरची आहे असं मला वाटत नाही. म्हणून वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता कळलं की या आजाराला जगातही स्वतःची जागा मिळायला बरीच वर्षं लागलीत. ती गोष्ट मोठी मजेशीर आहे. चला तर मग.

एकच शब्द, अनेक दुखणी

आधी शब्दाकडे बघू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितलेत. त्यात एक 'अर्धावभेदक', अर्धं डोकं फोडणारा. दुसरा 'सूर्यावर्त', सूर्याबरोबर चढणारा. म्हणजे कोणती बाजू आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, या दोन गोष्टींवरून दुखणी वेगळी करायची हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना नक्की सुचलं होतं. तिकडे ग्रीकमध्ये 'हेमी' म्हणजे अर्धं आणि 'क्रेनियन' म्हणजे कवटी. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने 'हेमिक्रेनिया' हा शब्द वापरला. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाता जाता झिजला आणि त्याचा झाला 'मायग्रेन'.

आता गंमत बघा. 'मायग्रेन' आणि 'हेमिक्रेनिया' हा मुळात एकच शब्द, पण आज ते दोन वेगळे आजार आहेत! मायग्रेन कधीकधी दोन्ही बाजूंना दुखतं, तरी नाव 'अर्धं डोकं'. आणि खरोखर जन्मभर एकच बाजू धरून बसणारी दुखणी मात्र शतकानुशतकं याच शब्दाच्या पोटात दडून राहिली. आपली 'अर्धशिशी' तशीच. शब्द हाताशी तयार असला की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. आमच्या घरी नेमकं तेच झालं.

यातलं सगळ्यात भीषण दुखणं आधी वेगळं काढलं गेलं, कारण ते दुर्लक्ष करूच देत नाही. ते म्हणजे क्लस्टर हेडेक. १६४१ साली ॲम्स्टरडॅमच्या निकोलस टल्प या डॉक्टरने (रेम्ब्रांटच्या प्रसिद्ध चित्रात प्रेताचा हात उघडून दाखवणारे ते हेच) एका रुग्णाची नोंद केली आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोज ठरलेल्या वेळी उठणारी, सहसा दोन तासांच्या आत थांबणारी, पण असह्य डोकेदुखी. पुढे लंडनच्या विल्फ्रेड हॅरिसने १९२६ साली आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टनने १९३९ साली ती नीट मांडली. 'क्लस्टर' हे नाव १९५० च्या दशकातलं. दुखण्याचे झटके घोळक्याने येतात म्हणून.

प्रश्नचिन्हवाला शोध

आता नॉर्वेला जाऊ. ओत्तार शोस्ताद नावाचा न्यूरोलॉजिस्ट. त्याने आणि इंगे डाले याने १९७४ साली 'हेडेक' या नियतकालिकात एक छोटा लेख छापला. त्यात जेमतेम दोन रुग्ण. दुखणं क्लस्टरसारखंच एका बाजूचं, डोळ्यातून पाणी आणणारं. पण झटके लहान, आणि दिवसातून कितीतरी वेळा. क्लस्टरसारखी मध्ये महिनोन्महिन्यांची सुट्टीही नाही. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे इंडोमेथासिन दिलं की दुखणं जवळजवळ पुसलं जायचं.

त्या लेखाच्या मथळ्यात एक गोष्ट आहे, जी मला फार आवडते. हा 'नवा' आजार असल्याचा पुरावा आहे असं मथळा म्हणतो, पण 'नवा' या शब्दापुढे कंसात चक्क प्रश्नचिन्ह आहे. रुग्ण दोनच आहेत, चूक असू शकते, तरी आम्हाला हे वेगळं दिसतंय, असं सांगण्याची ही साधी, प्रामाणिक पद्धत. १९७६ च्या पुढच्या लेखात आजाराला नाव मिळालं, 'क्रॉनिक पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया'. त्याही मथळ्यात ते प्रश्नचिन्ह होतंच! (मी कोड रिव्ह्यूला पाठवताना इतका नम्र कधीच नसतो.)

१९८४ मध्ये शोस्तादने एगिलियस स्पीरिंग्जबरोबर आणखी एक आजार मांडला. पुन्हा दोनच रुग्ण, एक बाई आणि एक पुरुष. दुखणं एकाच बाजूचं, पण झटक्यांत येणारं नाही, अखंड. मधूनमधून वाढतं, पूर्ण कधीच थांबत नाही. आणि इंडोमेथासिनला इथेही शंभर टक्के दाद. नाव दिलं 'हेमिक्रेनिया कंटिन्युआ', म्हणजे अखंड अर्धं डोकं. म्हणजेच माझी मावशी! तो लेख 'सेफलाल्जिया' नावाच्या नियतकालिकात आला. डोकेदुखीला वाहिलेलं हे नियतकालिक १९८१ साली निघालं आणि त्याचा पहिला संपादक स्वतः शोस्तादच होता.

पण नाव मिळालं म्हणजे आजार पोचला असं नाही. जगभरच्या डॉक्टरांपर्यंत तो पोचायचा तर तो यादीत यावा लागतो. आणि इथे माझ्या त्या रटाळ तक्त्याचा इतिहास सुरू होतो.

मेलेल्यांची यादी

आयसीडीची सुरुवात आजारांच्या यादीने झालेली नाही. ती झाली मृत्यूंच्या यादीने. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृत्यूंची यादी दर आठवड्याला छापून यायची. जॉन ग्रॉन्ट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली त्या याद्यांचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं. त्या याद्यांत मृत्यूची कारणं काय काय असतील? 'दात' आहे, 'शोक' आहे, आणि एक कारण नुसतं 'अचानक' असंही आहे. (आमच्या लॉग फाइलमधल्या 'अननोन एरर'चा हा पूर्वज असावा.)

१८३७ साली इंग्लंडमध्ये सरकारी मृत्यूनोंदणी सुरू झाली आणि विल्यम फार नावाच्या माणसाने त्या नोंदींना शिस्त लावायचा आग्रह धरला. एकाच आजाराला चार नावं आणि एका नावाखाली चार आजार असतील तर मोजायचं काय, हा त्याचा मुद्दा. डेटाबेस शिकवताना पहिल्या आठवड्यात हेच सांगतात. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात पॅरिसच्या झाक बर्टिलॉनची यादी मान्य झाली. त्याच्या भावाची, आल्फोन्सची, गंमत अशी की तो पॅरिसच्या पोलिसांसाठी गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांची फायलिंग सिस्टीम बनवत होता. एक भाऊ मेलेल्यांना रकान्यांत बसवतोय, दुसरा चोरांना!

बर्टिलॉनची यादी मृत्यूच्या कारणांचीच होती. जे मरत नाहीत अशांच्या आजारांसाठीही ती वापरता यावी असा खरा बदल झाला तो १९४८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली तेव्हा. म्हणजे पहिल्या यादीनंतर पंचावन्न वर्षांनी.

आता विचार करा. हेमिक्रेनियाने कुणी मरत नाही. माणूस सकाळी उठतो, डबा भरतो, बस पकडतो, डोळा पुसतो आणि दुखणं घेऊन कामाला जातो. मेलेले मोजायला बनवलेल्या यादीत अशा माणसाला जागा कुठून असणार? माझ्या मते सगळ्या उशिराचं मूळ इथे आहे.

आणि जी जागा मिळाली तीही बघा. अमेरिकेत १९७९ पासून वापरलेल्या आयसीडी-९ च्या आवृत्तीत क्लस्टर हेडेक होतं, पण ३४६.२ खाली, 'मायग्रेनचे प्रकार' म्हणून. ताणामुळे होणारी डोकेदुखी होती ३०७.८१, आणि हे प्रकरण कोणतं? मानसिक विकारांचं! 'टेन्शन घेऊ नका' याला असा अधिकृत कोड होता म्हणायचा. बाकी सगळं ७८४.० मध्ये. तो तर आजारही नाही, नुसतं लक्षण.

इफ-एल्स

मधल्या काळात डोकेदुखीवाल्या डॉक्टरांनी स्वतःची यादी करायला घेतली. १९६२ साली अमेरिकेत एका समितीने एक वर्गीकरण केलं होतं, पण त्यात 'बहुधा', 'बरेचदा' असले शब्द फार. प्रोग्रॅमरला असं स्पेसिफिकेशन मिळालं तर तो चहा प्यायला निघून जाईल. मग १९८८ मध्ये डेन्मार्कच्या येस ओलेसनच्या अध्यक्षतेखाली इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने खरी कडक यादी काढली. किती झटके, किती वेळ, कोणती बाजू, सोबत काय, सगळं आकड्यांत.

आजच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०१८) ही एका बाजूची दुखणी अशी ओळखतात. झटका १ ते ६०० सेकंदांचा असेल तर संक्ट आणि त्याची भावंडं. २ ते ३० मिनिटांचा आणि बऱ्याच दिवशी दिवसातून पाचाहून जास्त वेळा, तर पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया. १५ मिनिटं ते तीन तास, दिवसाआड एक ते दिवसाला आठ, तर क्लस्टर. आणि तीन महिन्यांहून जास्त काळ अखंड, मधूनमधून वाढणारं, तर हेमिक्रेनिया कंटिन्युआ. सगळ्यांत त्याच बाजूचा डोळा किंवा नाक वाहणं, पापणी सुजणं किंवा उतरणं, अस्वस्थ होऊन फिरणं अशा खुणा बघायच्या.

इंजिनियर लोकांच्या लगेच लक्षात येईल की १५ ते ३० मिनिटांच्या पट्ट्यात दोन अटी एकमेकींवर चढतात. तिथे निवाडा करतं इंडोमेथासिन. प्रौढ माणसाला तोंडावाटे निदान दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत, गरज पडली तर २२५ पर्यंत नेऊन बघायचं. दुखणं पूर्ण थांबलं तर हेमिक्रेनिया. औषधाचा परिणाम हीच आजाराच्या व्याख्येतली एक अट!

यात एक खोच आहे. हे औषध पोटाला आणि मूत्रपिंडाला जड. अल्सर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. (म्हणून कृपा करून हा लेख वाचून कुणी केमिस्टकडे धावू नका. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाहीच.) मग ज्याला ते सोसतच नाही त्याने काय करायचं? परीक्षाच पूर्ण होत नाही, तर निदान कसं होणार? अट इतकी कडक केली की काही खरे रुग्ण बाहेर राहतात, सैल केली की भलतेच आत येतात. टेस्ट केस लिहिणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही.

भाडेकरू

आता हेमिक्रेनिया कंटिन्युआचा प्रवास बघा. शोध १९८४ चा. १९८८ च्या यादीत नाही. २००४ च्या दुसऱ्या यादीत आला, पण चौथ्या प्रकरणात, 'इतर' डोकेदुख्यांमध्ये. २०१३ मध्ये शेवटी तिसऱ्या प्रकरणात, क्लस्टर वगैरे सख्ख्या नातेवाइकांत बसला. तोवर या सगळ्या कुटुंबाला 'ट्रायजेमिनल ऑटोनॉमिक सेफलाल्जिया' असं जिभेची परीक्षा बघणारं नाव मिळालं होतं. ते १९९७ मध्ये पीटर गोड्सबी आणि रिचर्ड लिप्टन यांनी मांडलं. चेहऱ्याच्या संवेदनेची नस आणि डोळा-नाक ओलं करणाऱ्या नसा यांचं आतून कनेक्शन आहे, म्हणून दुखतं त्याच बाजूला पाणी येतं, असा त्यामागचा विचार.

आयसीडीत मात्र वेगळीच कथा. १९९० साली संमत झालेल्या आयसीडी-१० मध्ये 'क्रॉनिक पॅरॉक्सिस्मल'ला क्लस्टरच्या जी ४४.० या घरात पोटभाडेकरू म्हणून ठेवलं. 'कंटिन्युआ'ला स्वतःचं काहीच नाही. त्याच्या वाट्याला जी ४४.८, म्हणजे पुन्हा 'इतर'. अमेरिकेने १ ऑक्टोबर २००८ ला आपल्या आयसीडी-९ मध्ये ३३९ ही नवी शाखा उघडली, तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वतःचा कोड मिळाला, ३३९.४१. शोधानंतर चोवीस वर्षांनी. तिथेही तो क्लस्टरच्या घरात नाही, 'गुंतागुंतीच्या डोकेदुख्या' नावाच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. तोच पत्ता पुढे जी ४४.५१ झाला आणि अजून तसाच आहे. डॉक्टरांची समज २०१३ मध्ये बदलली, पण कोडचा पत्ता जुन्या समजुतीवरच थांबलाय. जुना कोड बदलायला कुणी धजत नाही, हे फक्त आमच्याच कंपनीत होत नाही तर! २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये मात्र या कुटुंबाला एकत्र घर आहे, ८ए८२.

आता कुणी म्हणेल, कोडने काय होतं, डोकं तर औषधाने थांबतं. खरंय. पण कोड नसला तर असे किती रुग्ण आले हे हॉस्पिटलला शोधता येत नाही. शोधता आले नाहीत तर अभ्यासाला जमवता येत नाहीत. अभ्यास नाही तर पुस्तकात दोन ओळी. आणि पुस्तकात दोन ओळी असल्या की एखादा दंतवैद्य बिचारा प्रामाणिकपणे दाढ काढतो.

परत माझ्या तक्त्याकडे

जी ४४.५१ बघितल्यावर मी एक प्रयत्न करून पाहिला. जुन्या ७८४.० वाल्या रेकॉर्डमधून असे लोक शोधता येतील का? एकाच माणसाच्या वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या भेटी, मध्ये सायनस, मध्ये दात. थोडा वेळ क्वेरी लिहीत बसलो आणि मग सोडून दिली. उपयोग नाही. बाजू कोणती, हे रेकॉर्डमध्ये नाही. डोळ्यात पाणी यायचं का, नाही. न दुखणारा एखादा तास होता का, हे तर विचारलेलंच नाही. जे नोंदताना गेलं ते मॅपिंग करून परत येत नाही. ७८४.० चं आर ५१.९ होतं, आणि त्यातली कुणाची तरी मावशी तिथेच राहते.

टीम लीडने विचारलं, "अरे, ती हेडेकची बॅच झाली का?" म्हटलं, झाली. पण तेव्हापासून एक सवय लागलीय. आमच्या नव्या फॉर्ममध्ये कुणी ड्रॉपडाऊनच्या शेवटी 'इतर' टाकलं की मी शेजारी 'काय ते लिहा' असा एक मोकळा रकाना टाकायला लावतो. टेस्टिंगवाले वैतागतात. वैतागू देत.

मावशी बरी आहे. गोळीचा डोस आता कमी केलाय, पूर्ण बंद केली की दुखणं परत येतं, म्हणून चालू आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेते. मी तिला हा सगळा इतिहास फोनवर सांगितला, नॉर्वे, पॅरिस, शिकागो सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या आजाराला नंबर आहे?"

म्हटलं, "आहे गं. जी ४४.५१."

म्हणाली, "लिहून पाठव. त्या दातवाल्या डॉक्टरांना दाखवते."